ढगावरचा नगारा

फार वर्षांपूर्वी, जेव्हा भिंतीवर कॅलेंडर टांगत नसत आणि महिना आभाळातून उतरत असे, तेव्हा माणदेशातल्या खडकवेळ गावात दस्तगीर नावाचा एक नगारची राहत होता. उंच, वाळका, बोलायला कमी. त्याचं काम एकच होतं. चांद बघायचा आणि दिसला की नगारा वाजवायचा. गावामागे डोंगर आहे. त्याच्या खांद्यावर एक सपाट खडक आहे, तिथे तो उभा राहायचा. त्या खडकाच्या वर कावळकडा. तिथे माणूस जात नाही, शेळीसुद्धा जात नाही. दस्तगीरची नजर इतकी पक्की होती की त्याला दिवसासुद्धा चांदण्या दिसायच्या, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या डोळ्यांतून बघितलं होतं, ते मला माहीत नाही.

मुसलमानांचा महिना चांदावर चालतो. एकोणतीस दिवस झाले की संध्याकाळी मावळतीकडे बघायचं. कोर दिसली तर नवा महिना लागला. नाही दिसली तर आणखी एक दिवस थांबायचं. मग मात्र दिसो न दिसो, महिना लागतो.

गावात बाभळीखाली एका पिराची कबर आहे. त्याला बाभळपीर म्हणतात. रजब महिन्याचा चांद दिसला की त्याच संध्याकाळी पिराचा संदल निघायचा. संदल म्हणजे उगाळलेल्या चंदनाचं ताट. ज्याचा नवस असेल त्याने ते डोक्यावर घ्यायचं, वाजतगाजत न्यायचं आणि चंदन कबरीला लावायचं. उरूस पिराचा असला तरी गावाचा होता. मराठे, धनगर, माळी, तांबोळी, सगळ्यांचे नवस तिथे असायचे.

आता भानगड कुठे झाली ते ऐका. चांदाचे बारा महिने सूर्याच्या वर्षाआधी संपतात. दहा-अकरा दिवस आधी. हिंदूंचे महिनेसुद्धा चांदाचेच, पण गावचे जोशीबुवा दर दोन-तीन वर्षांनी मध्येच एक धोंड्याचा महिना घालायचे. फाटलेल्या धोतराला ठिगळ लावावं तसं. म्हणून दिवाळी थंडीतच यायची. रजबला असं ठिगळ लावत नाहीत. तो दरसाल मागे सरकतो. एकदा थंडीत, मग काही वर्षांनी पावसाळ्यात, मग उन्हाळ्यात, असं सगळं वर्ष फिरून तो परत थंडीत येतो. तेवढ्यात पोराचा बाप होतो आणि बापाचा आजा.

लोकांना आठवायचं की उरूस माघात असायचा. पोत्यात जोंधळा, गोठ्यात कडबा, माणसं रिकामी. मग तो पौषात आला. हुरड्याचे दिवस, कोणाची तक्रार नव्हती. पण तो थांबला नाही. मार्गशीर्ष, कार्तिक, करत करत दसऱ्याजवळ येऊन ठेपला. आता परतीचा पाऊस, नदीला पाणी, पीक रानात उभं. पलीकडच्या गावची माणसं येणार कशी? लोक कुरकुरायला लागले. कुरकुरता कुरकुरता एकाने विचारलं, "हे दिवस जातात कुठं?"

पहिल्यांदा कोणी विचारलं ते गावात कोणी सांगत नाही. संशयाला आई नसते. तो एकदम मोठाच होऊन दारात उभा राहतो.

दिवस जातात म्हणजे कोणी तरी नेतं. आणि नेणार कोण? ज्याच्या नगाऱ्याच्या टिपरूवर महिना लागतो तोच. दस्तगीर दरसाल दहा-अकरा दिवस चोरतो, अशी बोलवा उठली. तो ते नगाऱ्याच्या कातड्याखाली शिवून ठेवतो, असं म्हणतात. घरातल्या रांजणात बुडवून ठेवतो, असंही म्हणतात. त्याचा बाप दात पडून परत यायची वेळ आली तरी जगला, तो कशावर? चोरीच्या दिवसांवर! बायका विहिरीवर हे हळू बोलायच्या आणि दस्तगीरची बायको जैनबकाकी घागर घेऊन आली की गप्प व्हायच्या.

संशय घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज धुळाचा. धुळा धनगराचा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या भावाने, सिदूने, त्याला वाढवलं. दोघं भाऊ दसऱ्याचं सोनं वाटलं की मेंढरं घेऊन खालच्या मुलखात जायचे आणि पावसाळा लागला की घरी यायचे. धुळाचं डोकं तापायला ऊन लागत नसे. कोणी काही बोललं की त्याचा हात आधी काठीवर.

त्या आषाढात गाव चावडीवर जमलं. रंगराव पाटील मध्ये बसला. दस्तगीरला बोलावलं.

"तुला ढगातनं चांद दिसतो कसा रं?" पाटलाने विचारलं.

"ढग फाटला की दिसतो."

"आन त्यो तुझ्यापुरताच फाटतो व्हय?" धुळा मागून ओरडला. सगळे हसले.

"जो बघत उभा ऱ्हातो त्याच्यासाठी फाटतो. तुम्ही तवा भाकरीवर बसलेलं असता."

आता कोणी हसलं नाही. पाटील म्हणाला, "हे बघ, मिरगाला त्याची जागा हाय. दिवाळीला हाय. तसा उरूस आम्ही पौषात बांधून टाकतो. हुरडा आला की संदल. मंग सरकू दे तुझा चांद कुठं सरकायचा तिकडं."

दस्तगीर म्हणाला, "उरूस तुमचा हाय, पाटील. पौषात करा न्हाईतर शिमग्यात करा. पर त्याला रजब म्हणू नका. रजब तवाच, जवा चांद दिसंल."

हे ऐकून म्हातारी माणसं जरा बिचकली. पिराच्या वाटेत आडवं जायला कोण तयार असतं? शेवटी ठरलं की ह्या साली दस्तगीरबरोबर एक साक्षीदार डोंगरावर जाईल. एकदा जरी खोटा नगारा वाजला, तरी उरूस पौषात बांधायचा, कायमचा. साक्षीदार कोण? मेंढरामागे फिरणाऱ्याची नजर लांबची, आणि धुळा तर मघापासून ओरडतच होता.

"धुळा जाईल," पाटील म्हणाला.

"जातो की! एकबी दिवस चोरू देत न्हाई."

तर धुळा जायला लागला. महिना संपायला आला की खडकावर दस्तगीर पुढे आणि धुळा मागे. धुळा चांदाकडे कमी आणि दस्तगीरच्या हाताकडे जास्त बघायचा. पहिल्या महिन्यात आभाळ भरलेलं होतं. दस्तगीर काळोख पडेपर्यंत उभा राहिला आणि नगारा न वाजवता उतरला. धुळाला वाटलं, मी आहे म्हणून घाबरला. दुसऱ्या महिन्यात ढग जरासा उसवला आणि दस्तगीरने बोट केलं. नखाएवढी कोर होती. धुळालाही दिसली. तरी धुळाला वाटलं, ह्यात काही तरी मेख आहे. खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा संशय येतो तेवढा चोराचासुद्धा येत नाही.

एके दिवशी दस्तगीर बाजाराला गेला तेव्हा धुळा त्याच्या घरात शिरला आणि थेट रांजण आडवा केला. सगळ्या घरात पाणी झालं. रांजणातून एक बेडूक निघाला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. जैनबकाकी चुलीपाशी होती. ती शांतपणे म्हणाली, "सापडलं का दिवस?"

धुळा बेडकाकडे बघत राहिला.

"न्हाई सापडलं? मंग ती घागर घे आन रांजण भर. काठापातुर भर. तुझ्या चाच्याला आल्यावर पाणी लागतं."

धुळाने विहिरीवरून खेपा घातल्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याला इतकी लाज वाटली की दस्तगीरवरचा राग आणखी वाढला.

आणि मग सिदू आजारी पडला. ताप उतरायचं नाव घेईना. झाडपाला झाला, अंगारा झाला. भादवा निम्मा सरला तेव्हा तो बाजेवरून उठेनासा झाला. आधी पाय गेले, मग भूक गेली. घरात दुखणं असलं की येणारा माणूस दारातच आवाज बारीक करतो. धुळाला त्या बारीक आवाजाचा राग यायचा. तो येणाऱ्याला म्हणायचा, मोठ्यानं बोला, काय झालं नाही त्याला.

नवरात्राच्या तोंडावर सिदूने त्याला जवळ बसवलं.

"औंदाचा रजब कवा?"

"कशाला? चार-सा दिसांत लागंल. दसऱ्याच्या आधी."

सिदू हसला, असं म्हणतात. म्हणाला, "मंग गाठलं त्यानं मला."

"कुणी?"

"आरं, चांदानं. धुळा, तू येवढासा व्हतास तवा इहिरीत पडलास. वर काढला तर थंडगार. मी पिराला बोललो, ह्यो डोळं उघडू दे, तुझं ताट माझ्या डोक्यावर घीन. तू डोळं उघडलंस."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"ज्याच्यासाठी बोलला त्याला नवस फिटल्याबिगर सांगत न्हाईत. पर फिटायचा कसा? तवा उरूस माघात. आपुन माघात कुठं, मेंढरामागं. मेंढरं थांबत न्हाईत. मी म्हणलं, नगं थांबायला. चांद सरकतोय की! दरसाल मी हिकडनं निघतो, त्यो तिकडनं येतो. गेल्या साली दसऱ्यानंतर थोडक्यात चुकामूक झाली. औंदा त्यो घरी येतोय. आन तू त्याला पौषात बांधाया निघालास, येड्या."

धुळा उठून बाहेर गेला. ज्या दिवसांना तो चोरीचे म्हणत होता, ते दिवस त्याच्या भावाकडे चालत येत होते. दरसाल थोडे थोडे. आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एकोणतिसावा दिवस आला. त्या दिवशी सकाळपासून सिदूचा श्वास वाजत होता. डोळे उघडे, पण माणूस ओळखायला वेळ लागायचा. जाणत्या बाईने नाडी बघितली आणि ती पाण्याची वाटी उशाशी ठेवून गेली. उद्याचा दिवस सिदूला नव्हता. हे घराला कळलं, धुळालाही कळलं. चांद आज दिसला तरच संदल आज. नाही तर उद्या.

आणि आभाळ काळंभोर. सकाळपासून ऊन पडलं नव्हतं. डोंगराचा कडा अर्ध्यातून ढगात गेला होता.

दिवस मावळायच्या वेळी दोघं खडकावर उभे राहिले. दस्तगीर बघत होता. धुळाही बघत होता. ढग हालेना.

"वाजव चाचा," धुळा म्हणाला. "दिसला."

"कुठं?"

"त्यो तिथं."

दस्तगीरने तिकडे बघितलं. "मला न्हाई दिसला."

"मी साक्षीदार हाय. मी सांगतो दिसला. ठोक."

"तुला बी न्हाई दिसला, धुळा."

धुळाचा तोल गेला. त्याने दस्तगीरची मान धरली. "आरं, सगळं गाव म्हणतंय तू ढगातनं खोटा चांद बघतोस. मंग बघ की आज! आजच तुला इमानदारी सुचली व्हय? येवढं दिवस चोरलंस, त्यातला एक दे. एकच मागतोय. माझ्या भावाला दे."

दस्तगीरने मान सोडवून घेतली नाही. म्हणाला, "माझ्याकडं असता तर आषाढातच दिला असता."

धुळाने मान सोडली. तो खाली बसला आणि मोठ्याने रडला. तो आवाज खाली गावात ऐकू गेला, असं म्हणतात. ह्याच्यावर माझा विश्वास आहे.

दस्तगीरने नगारा पाठीवर बांधला, टिपरू कमरेला खोचलं आणि वर बघितलं. कावळकड्याकडे.

"कुठं चाललास?"

"ढग आपल्या डोक्यावर हाय. त्याच्या डोक्यावर काय हाय ते बघून येतो."

"तिथं वाट न्हाई, चाचा."

"तू खाली जा. भावाजवळ बस."

धुळा गेला नाही. त्याने बघितलं, दस्तगीर कड्याला चिकटून चढतोय. आधी त्याचे हात ढगात गेले, मग डोकं, मग पाठीवरचा नगारा, शेवटी पायांचे तळवे. मग दगड गडगडत आले. एक, आणि जरा वेळाने दुसरा. मग काहीच नाही.

खाली गावात सिदूची बाज अंगणात काढली होती. श्वास कोंडतो म्हणून त्याला वारा हवा होता. शेजारीपाजारी भोवती उभे होते. संदलाचं ताट बाजेशेजारी तयार होतं, पण नगारा वाजल्याशिवाय कोण उचलणार? रंगराव पाटील हातात काठी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आज काय खरं न्हाई. चला घरी."

तेवढ्यात सिदूने मान वळवली आणि म्हणाला, "वाजला."

कोणाला काही ऐकू आलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भ्रम झालाय, असं एक जण पुटपुटला. आणि मग आला. आधी पोटात कळला, मग कानात. दम, दम, दम. डोंगराच्या खांद्यावरून नाही. वरून. ढगाच्याही वरून. पावसाआधी आभाळ गुरगुरतं तसा, पण तालात. बाभळीवरचे बगळे उठले, विहिरीचं पाणी थरथरलं, असं म्हणतात.

धुळा पळत आला. त्याने ताट उचललं आणि भावाच्या डोक्याशी धरलं. सिदूला उठता येत नव्हतं. चौघांनी बाज खांद्यावर घेतली आणि धुळा बाजेबरोबर चालत राहिला, ताट सिदूच्या कपाळाला टेकवून, दोन्ही हातांनी धरून. असा संदल गावाने कधी पाहिला नव्हता. नगारा वरून वाजत होता आणि माणसं खालून चालत होती. बाभळपिराजवळ बाज ठेवली. धुळाने सिदूचा हात धरून चंदन कबरीला लावलं. बोटांचे ठसे उमटले. नगारा थांबला. सिदूही थांबला.

दस्तगीर परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव डोंगरावर फिरलं. कड्याच्या पायथ्याला शोधलं, ओढ्यात शोधलं. माणूस नाही, नगारा नाही, कापडाची चिंधीसुद्धा नाही. संध्याकाळी आभाळ उघडलं आणि चांद दिसला. चांगला जाड, मावळायला वेळ घेणारा. म्हातारे म्हणाले, "ह्यो दुसरीचाच. म्हंजे काल व्हताच." पण ज्यांना संशयाची सवय लागली होती ते म्हणाले, "तीस दिवस भरले की चांद जाडच दिसतो. त्यानं काय सिद्ध होतं?" काहींनी तर धुळानेच त्याला कड्यावरून ढकललं, अशी कुजबूज सुरू केली. गाव असंच असतं. एक संशय मेला की तेराव्याच्या आत त्याला वारस मिळतो.

परत चावडी भरली. सुतकातल्या धुळाला बोलावलं.

पाटलाने विचारलं, "तू साक्षीदार. खरं सांग. तुला चांद दिसला व्हता का?"

नाही म्हणाला तर नगारा खोटा आणि उरूस पौषात. हो म्हणाला तर कोण तपासणार होतं? जैनबकाकी भिंतीला धरून उभी होती.

धुळा म्हणाला, "मला न्हाई दिसला."

माणसांत गलका झाला. धुळाने काठी जमिनीवर आपटली.

"मला न्हाई दिसला. मी ढगाच्या खाली व्हतो. त्यो वर व्हता. दिसल्याबिगर त्यानं कधी टिपरू उचललं न्हाई, माझी मान धरून सांग म्हणलं तरी हेच सांगंन. मी त्याची मान धरली व्हती. तरी त्यानं खोटं वाजवलं न्हाई. आता ज्याला संशय हाय त्यानं कावळकडा चढावा, वरनं बघून यावं, मंग मला इचारावं."

पाटलाने कड्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. कोणी उठलं नाही. जैनबकाकी पुढे आली, तिने धुळाच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि त्याला घरी घेऊन गेली.

म्हणून खडकवेळचा उरूस अजून बांधलेला नाही. तो भर पुरात येतो, तेव्हा संदल होडीतून जातो. वैशाखात येतो, तेव्हा माणसं पाण्याची घागर बरोबर घेऊन चालतात. पौषात आला तर हुरडा खातात आणि पुढच्या साली सोडून देतात. आता छापील कॅलेंडर आहे, तारखा आधीच कळतात, शहरातून निरोपही येतो. पण गाव त्यावर संदल उचलत नाही.

रजबची संध्याकाळ आली की ज्या घरात दुखणं असेल त्या घरची बाज अंगणात निघते. आभाळ उघडं असलं तर सगळेच बघतात. झाकलेलं असलं तर गाव गप्प राहतं. गिरणी बंद, लाउडस्पीकर बंद, मोटारसायकलसुद्धा कोणी चालू करत नाही. बाजेवरच्या माणसाला नगारा आधी ऐकू येतो. तो "वाजला" म्हणाला की ताट उचलायचं. दुसरा साक्षीदार मागायचा नाही. ह्याला दस्तगीरची साक्ष म्हणतात.

बाहेरची माणसं विचारतात, खरंच वाजतो का? मी काय सांगणार? गेल्या साली ढग होते आणि आमच्या अंगणात माझ्या भावाची बाज होती. तो वाजला म्हणाला. मला काही ऐकू आलं नाही. मी ताट उचललं.